शेवटच्या खोक्यातली म्हातारी

बंदरावरच्या शेडमध्ये माझं काम खोकी फोडायचं. तसा मी कस्टमचा तपासनीस, हुद्दा बरा आहे, पण सगळे मला पेटीफोड्याच म्हणतात. कागदावर लिहिलंय तेच खोक्यात आहे ना, एवढं मी बघायचं. जे आहे ते सरकारी पुस्तकातल्या कुठल्या हेडिंगखाली बसतं आणि त्यावर किती ड्युटी लावायची, हे वरच्या मजल्यावरच्या बाई ठरवायच्या. त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. त्यांच्या पर्समध्ये भिंग असायचंच, पण नाव पडलं ते स्वभावावरून. बाहेर पाऊस पडतोय असं कुणी सांगितलं तर बाई खिडकीतून हात काढून बघतील आणि मग हात हुंगून बघतील, की हे पाणीच आहे ना.

त्या दिवशी एका कापडवाल्याचा माल आला होता. दुकानाच्या काचेत कपडे घालून उभे करतात ते पुतळे. पांढरे, गुळगुळीत, हात खांद्यातून निघणारे, आणि एकालाही डोकं नाही. हल्ली तीच फॅशन आहे म्हणे. मी भराभर खोकी उघडत गेलो, मोजत गेलो, सगळं कागदाबरहुकूम. शेवटचं खोकं मात्र आकारानं वेगळं होतं, बुटकं आणि रुंद. झाकण काढून वरचा कापूस बाजूला केला आणि मी दोन पावलं मागे सरलो.

आत खुर्चीवर एक म्हातारी बसली होती.

पुतळाच होता, हे कळायला मला थोडा वेळ लागला. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, केस पांढरे आणि मागे घट्ट बांधलेले, कपाळाला एक उभी आठी. डोळे काचेचे, पण असे की मीच नजर खाली घातली. मानेच्या मागे एक वायर होती. प्लग लावला तर मान सावकाश डावीकडून उजवीकडे वळली, क्षणभर थांबली आणि परत फिरली. शेडमधले दोन हमाल बाहेर निघून गेले.

माल सोडवणारा एजंट शेजारीच होता. तो म्हणाला, सगळं एकाच हेडिंगमध्ये जातं, उभा असो, बसलेला असो, हलणारा असो. दुकानाच्या काचेसाठीचा पुतळा तो पुतळा. नियमानं त्याचं चूक नव्हतं. पण आमच्या पुस्तकात पुतळ्यांच्या जाती माणसांपेक्षा जास्त. मुलांनी खेळायची ती बाहुली, शिल्पकारानं एकच घडवली ती कलाकृती, नर्सना शिकवायला वापरतात तो नमुना, शिंप्याचा आणि दुकानाचा तो निराळाच. मला निर्णय घेता येईना. मी वर निरोप पाठवला.

बाई शेडमध्ये क्वचितच उतरत. त्या आल्या, म्हातारीभोवती एक फेरी मारली आणि भिंग काढून चेहऱ्याऐवजी हातच बघत बसल्या. मग मला जवळ बोलावलं. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. डाव्या तर्जनीच्या टोकावर बारीक बारीक टोचल्याचे ठिपके होते.

"कारखान्यात मनानं हात केला तर नख कुणी चिरत नाही," बाई म्हणाल्या. "हा हात कुणाचा तरी आहे."

एजंट हसून म्हणाला की परदेशी कारागीर फार बारकाईनं काम करतात. बाईंनी त्याला साधी गोष्ट विचारली. तरुण, उंच, शिडशिडीत पुतळे काचेत ठेवतात, कारण गिऱ्हाइकाला तसं दिसावंसं वाटतं. म्हातारं दिसावं असं कुणाला वाटतं? मग ही कशाला? एजंटानं मालकाला विचारून सांगतो म्हटलं. बाईंनी आणखी एक मागणं केलं: हा चेहरा ज्या फोटोंवरून केला ते फोटो आणून द्या.

दुसऱ्या दिवशी एजंट आला तो फोटो न घेताच. मालकाचा निरोप होता की फोटो वगैरे काही नाहीत, बाईंना जे हेडिंग योग्य वाटेल ते लावा, त्यातलं सगळ्यात जास्त ड्युटीचं लावलं तरी चालेल, पण माल लवकर सोडा.

एजंट गेल्यावर बाई खुर्चीत मागे रेलल्या. ड्युटी कमी करा म्हणून पाया पडणारे, रडणारे, धमकी देणारे सगळे त्यांनी पाहिले होते. जास्त लावा म्हणणारा हा पहिलाच. "जो भांडत नाही तो काहीतरी झाकतो," त्या म्हणाल्या आणि कापडवाल्याला बोलावणं धाडलं.

कापडवाला आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा कडक शर्ट, आणि पंख्याखाली बसूनही कपाळावर घाम. बाई त्याच्याशी अतिशय गोड बोलल्या. बाई गोड बोलायला लागल्या की आम्ही सावध होतो, पण त्याला बिचाऱ्याला काय माहीत. पुतळा कशासाठी, असं विचारल्यावर त्यानं लगेच सांगितलं, दुकानाच्या शो-केससाठी. चेहरा कुणाचा, असं विचारल्यावर मात्र त्यानं आधी दाराकडे बघितलं आणि मग म्हणाला, कुणाचाच नाही, कारखान्यानं मनानं केलाय. बाईंनी मान डोलावली, पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला गेल्या.

परत येऊन त्यांनी मला विचारलं, "त्याचे कान बघितलेस?"

मी कशाला बघतोय कान. बाईंनी बघितले होते. त्याच्या कानाची पाळी सुटी नव्हती, थेट गालाला चिकटलेली होती. शेडमधल्या म्हातारीचीही तशीच होती.

म्हणजे ती त्याची आई. पण मग लपवायचं काय? आईचा पुतळा केला म्हणून कुणी तुरुंगात घालत नाही. माझं डोकं धावायला लागलं. म्हातारी मेली असणार, घर तिच्या नावावर असणार, आणि हा तिला पुतळ्याच्या रूपानं जिवंत ठेवणार. किंवा मेली नसेल, मारली असेल. बाईंनी मला हातानं थांबवलं. म्हणाल्या, तू फारच पुढे पळतोस, मला एवढंच कळलंय की हा माणूस निदान एकदा खोटं बोलला. पण मी रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं आणि तिनंही खूनच ठरवला. दुसऱ्या दिवशी मी बाईंपेक्षा जास्त संशयी होऊन कामावर गेलो.

साहेबांना या भानगडीत रस नव्हता. ते म्हणाले, हमी लिहून घ्या, माल सोडा, आणि एवढीच शंका असेल तर पुढे कधीतरी दुकानात जाऊन बघून या, पुतळा सांगितलेल्या कामाला लावलाय की नाही. बाईंना तेवढंच हवं होतं.

माल सुटला. पुढच्याच महिन्यात आम्ही दोघं तिथे गेलो. दुकान अरुंद गल्लीत, पण काच चांगली मोठी. आत बिनडोक्याचे पुतळे कोट आणि झगे घालून रांगेत उभे. म्हातारी कुठेच नव्हती. मी आत शिरणार तोच बाईंनी मला थांबवलं आणि काचेचा एक कोपरा दाखवला. दारालगतचा, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते तो. तिथे लाकडी चौथरा केला होता, वर गालिचा, मागे प्लगची सोय, वरून एक दिवा नेमका त्याच्यावर पडत होता. आणि चौथरा रिकामा. काचेतली सगळ्यात महागाची जागा कापडवाला रिकामी का ठेवेल, हे बाईंना कळेना. त्यांना एखादी गोष्ट कळली नाही की त्या चिडतात.

गल्ल्यावर कापडवाल्याची बायको होती. आम्ही कोण हे सांगितल्यावर तिनं हातातल्या मापाच्या पट्टीची दोनदा घडी घातली. मालक जेवायला गेलेत म्हणाली. तो बसलेला पुतळा? त्याची मान प्रवासात मोडली, गोडाऊनला ठेवलाय. गोडाऊन कुठे? लांब आहे. किल्ली? त्यांच्याकडे. बाई सगळ्याला बरं बरं म्हणाल्या आणि बाहेर आल्या. पुतळा आमच्या शेडमधून धडधाकट गेला होता आणि त्याची मान मी स्वतः फिरवून बघितली होती, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

समोर न्हाव्याचं दुकान होतं. गल्लीतली बातमी हवी तर न्हाव्यासारखा माणूस नाही. बाई बाहेर बाकावर बसल्या आणि मी दाढी करून घ्यायला आत गेलो. त्यानं साबण लावला, वस्तरा परजला, एक गाल साफ केला. मग त्यानं सहज आरशाकडे बघत वस्तऱ्याचा हात वर केला, कुणाला तरी नमस्कार केल्यासारखा. मी आरशात बघितलं. समोरच्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावरची खिडकी आरशात दिसत होती. खिडकीत म्हातारी बसली होती. तिची मान सावकाश आमच्याकडे वळली, क्षणभर थांबली आणि परत फिरली.

मी जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं की त्या कोण.

न्हावी खुलला. मावशी त्या, म्हणाला, दुकान मूळ त्यांचं. एका शिलाई मशीनवर सुरू केलेलं, नवरा गेल्यावर. पुढे मुलानं तयार कपडे आणले आणि मावशींना वर आराम करायला बसवलं. आराम कसला, खिडकीत बसून त्या अख्ख्या गल्लीचा उद्धार करायच्या. ह्याची पाटी वाकडी, त्याचं गिऱ्हाईक बिनपैशांचं पळालं, माझ्या वस्तऱ्याला धार नाही. जीभ अशी की ऐकून दाढी आपोआप उतरावी.

"पण हल्ली स्वभाव फार निवळलाय हो," न्हावी म्हणाला. "मध्यंतरी आजारी होत्या, दिसतच नव्हत्या. त्यातून उठल्या तेव्हापासून बोलणं गेलं. पण माया वाढलीय. सगळ्यांकडे सारख्याच नजरेनं बघतात."

मी अर्ध्या तोंडाला साबण तसाच घेऊन बाहेर आलो. बाई बाकावरून उठल्याच होत्या. त्यांनीही वर बघितलं होतं. दुकानाच्या बाजूनं जिना होता. आम्ही चढायला लागलो तशी खालून कापडवाल्याच्या बायकोची हाक आली, पण बाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. वरचं दार नुसतं लोटलेलं होतं.

खोलीत कापडवाला जेवत बसला होता. खिडकीपाशी त्या खुर्चीच्या शेजारी लहानसं टेबल, त्यावर ताट, आणि तो तिच्याकडे तोंड करून. पुतळ्याच्या मांडीवर कुणीतरी शाल नीट घडी करून ठेवली होती. आम्हाला बघून तो दचकला नाही. हातातला घास ताटात ठेवला आणि बोटं पुसत बसून राहिला. मला वाटतं, तो बरेच दिवस कुणीतरी यायची वाट बघत होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई कुठंय तुमची?"

"गेली," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाला, "म्हणजे जिवंत आहे. घर सोडून गेली."

पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. भांडण झालं असतं तर बरं, म्हणाला, निदान कारण तरी कळलं असतं. एका सकाळी तिनं बॅग भरली, माझ्यामागे काय चाललंय ते कळतं मला, एवढंच म्हणाली आणि मागच्या दारानं निघाली. गाडीनं तासाभरावरच्या गावात तिनं एक खोली घेतली होती; कधी बघून ठेवली कुणास ठाऊक. तिथे ती शिवण करते. तो दोनदा गेला, पण तिनं साखळी न काढता फटीतूनच त्याला परत पाठवलं. गल्लीत काय सांगायचं? ज्या बाईनं दुकान उभं केलं तिला मुलानं आणि सुनेनं हाकललं, हेच लोक म्हणणार. म्हणून आजारी आहे म्हणून सांगितलं. मग लोक भेटायला येऊ म्हणायला लागले. तेवढ्यात बंदरावर हा माल आला. चेहरा आईचा म्हटलं तर आई कुठंय असं विचाराल, म्हणून तुम्हाला कुणाचाच नाही म्हणून सांगितलं.

"पहिल्या दिवशी नुसती बघायला म्हणून खिडकीपाशी ठेवली," तो म्हणाला. "प्लग लावला. खालून न्हाव्यानं हात केला. म्हणाला, मावशी, बऱ्या झालात का. मान हलली. त्याला वाटलं, हो म्हणाली. आता दुसऱ्या दिवशी काढू कशी?"

मला त्याची थोडी दया आली. बाईंना आली नाही. त्यांनी विचारलं की आई घरात असताना मुळात हा पुतळा मागवला कशाला. तो म्हणाला, दुकानासाठीच, आधीच सांगितलं होतं. आईचा पुतळा, आईला न सांगता? त्यावर त्यानं ताट बाजूला सरकवलं. बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"चला. आत्ताच जायचं तुमच्या आईकडे. फोन करायचा नाही. बायकोला खाली काही सांगायचं नाही. जिवंत आहे म्हणता ना, मग मला दाखवा."

त्याच्याच गाडीतून गेलो. गाडीत बसताना बाईंनी मला रुमाल दिला तेव्हा मला साबणाची आठवण झाली. वाटेत एकदा त्याचा हात फोनच्या खिशाकडे गेला तशी बाईंनी मागच्या सीटवरून नुसतं "अं?" केलं. हात परत आला.

खोली एका छापखान्याच्या वर होती. जिन्यात शाईचा वास आणि खाली यंत्राची धडधड. बाईंनी मुलाला एक पायरी खाली उभं केलं आणि दार वाजवलं. साखळीइतकंच दार उघडलं. फटीत तीच आठी, तेच डोळे. फक्त हे डोळे बाईंना वरपासून खालपर्यंत मोजत होते.

बाई म्हणाल्या की आम्ही कस्टमकडून आलोय.

"सरकार दारात आलंय, म्हणजे यानं काय केलं?" फटीतून आवाज आला. मग तिनं ओळखपत्र मागितलं. पुढून वाचलं, उलटून वाचलं, फोटो बाईंच्या चेहऱ्याशी ताडून बघितला. एवढा वेळ बाईंना कुणी उभं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी साखळी निघाली, पण आत फक्त आम्हाला घेतलं. मुलाला जिन्यावरच थांबायला सांगितलं.

खोलीत पलंग, शिलाई मशीन आणि भिंतीला लावलेले अर्धवट शिवलेले कपडे. बाईंनी आधी म्हातारीचा अंगठा बघितला. नख चिरलेलं होतं. मग त्या बसल्या आणि विचारलं, घर का सोडलंत.

म्हातारीनं आढेवेढे घेतले नाहीत. सांगायला कुणीतरी हवंच होतं तिला. म्हणाली, घरात कुजबुज सुरू झाली. मी जवळ गेले की मुलगा आणि सून बोलणं बदलायची. एक दिवस एक माणूस कॅमेरा घेऊन आला. मुलगा म्हणाला, नवीन चष्म्यासाठी आहे. त्यानं तोंडाचे फोटो घेतले, ठीक आहे. मग पाठीचे घेतले. हातांचे घेतले. चिमट्यासारख्या काट्यानं डोकं मोजलं, या कानापासून त्या कानापर्यंत.

"जन्मभर मी लोकांची मापं घेतली," ती म्हणाली. "माप घेतात ते काहीतरी बनवायला. चष्म्याला पाठीचं माप कुणी घेत नाही. मी विचारलं तर सूनबाई दार लावून आत गेली. त्याच आठवड्यात खाली सुतार ठोकत होता, तो म्हणे मावशी, तुम्हाला सांगू नका म्हटलंय. मग मी ठरवलं. जिवंतपणी माझं माप घेऊन हे मला कुठे बसवणार आहेत ते बघायला मी थांबणार नाही."

बाईंनी पर्समधून शेडमध्ये घेतलेले पुतळ्याचे फोटो काढून मशीनवर ठेवले. म्हातारीनं चष्मा पुसला, फोटो उचलला, परत ठेवला. बाईंनी न विचारता आपलं भिंग तिच्यापुढे सरकवलं. तिनं ते घेऊन हाताचा फोटो बघितला, मग आपली तर्जनी बघितली.

"सुईचे ठिपकेसुद्धा घातलेत," ती म्हणाली. पुन्हा फोटोवर वाकली. "पण खांदा चुकलाय. माझा डावा खाली आहे." आणि मग दाराकडे न बघता मोठ्यानं, "आत ये."

मुलगा आत आला. उभाच राहिला. तिनं फोटो त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, हे काय.

"तूच म्हणायचीस," तो म्हणाला. "'दुकान मी उभं केलं आणि काचेत तू बिनडोकी बायका उभ्या केल्यास.' रोज म्हणायचीस. म्हटलं, एक डोक्याची ठेवू. तुझी. दाराशीच, पहिल्यांदा दिसेल अशी. तुझ्या सुनेची कल्पना होती, आणि तुला शेवटपर्यंत कळू द्यायचं नव्हतं."

"मला विचारलं का नाहीस?"

"नाही म्हणाली असतीस."

"मग नाही म्हणायचा हक्क नव्हता का मला?"

आता बाईंना राहवेना. त्यांनी म्हातारीला पुन्हा खोदून विचारलं की सुतार नक्की कधी आला होता. कॅमेरावाल्याच्या आधी की नंतर, आणि तेव्हा त्या घरातच होत्या ना. म्हातारी म्हणाली, नंतर लगेच, मी घरातच होते. बाईंनी डोळे मिटले. मला माहीत होतं त्या काय बघताहेत: गालिचा घातलेला रिकामा चौथरा आणि त्यावर पडलेला दिवा. ती जागा म्हातारी घरात असतानाच तिच्यासाठी केलेली होती. पुतळा दुकानासाठी आहे, हे त्यानं आम्हाला सांगितलेलं पहिलंच वाक्य खरं होतं, आणि आम्ही नेमकं त्याच्यावरच विश्वास ठेवला नव्हता.

म्हातारीचा मात्र निराळाच हिशेब चालला होता. तिनं मुलाला विचारलं की गल्लीत माझ्याबद्दल काय सांगितलंस. त्यानं खिडकीचं सगळं सांगितलं, मान खाली घालून.

"आणि कुणाला कळलं नाही?"

"नाही."

"न्हाव्यालासुद्धा?"

"रोज हात करतो."

हे तिला लागलं. पुतळा केला त्याचं एवढं लागलं नव्हतं. ती मशीनकडे वळली, खाली कापड नसताना चाकाला एक फेरा दिला, सुई वरखाली झाली. मग म्हातारी उठली, चपला घातल्या, कात्री पिशवीत टाकली आणि म्हणाली, चला.

आम्ही गल्लीत पोचलो तेव्हा दुकानांचे दिवे लागत होते. म्हातारी आपल्या घराकडे गेली नाही. थेट न्हाव्याच्या दारात जाऊन उभी राहिली. न्हावी एका गिऱ्हाइकावर वाकलेला होता. त्यानं आरशात बघितलं. आरशात खिडकीतली मावशी होती आणि दारातलीही मावशी होती. वस्तरा हवेतच राहिला. गिऱ्हाईक खुर्चीत हळूहळू खाली सरकलं.

"तिकडे काय बघतोस, इकडे बघ," ती म्हणाली. "किती दिवस त्या बाईला हात करतोयस?"

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. "मावशी, मला वाटलं, तुमचा राग गेला."

"माझा राग गेला असं वाटलं तर वर येऊन बघायचं होतं, जिवंत आहे की नाही ते."

एवढ्यात आजूबाजूचे दुकानदार बाहेर आले. कुणी हसलं नाही. प्रत्येक जण आपण कधी कधी आणि किती वेळा वर बघून मान डोलावली ते आठवत असावा. ती त्यांच्यामधून वाट काढत घरात गेली. सून जिन्याशी उभी होती, रडून डोळे सुजलेले. म्हातारी तिच्यापाशी थांबली आणि म्हणाली, तू दार लावून घेत होतीस ते एवढ्यासाठी होय? सुनेनं मान डोलावली. म्हातारी म्हणाली, पुढच्या वेळी उघडं ठेव, मग काय वाट्टेल ते कर.

पुतळा मी आणि कापडवाल्यानं खाली आणला. वजनाला चांगलाच होता. चौथऱ्यावर ठेवला तेव्हा दिवा बरोबर चेहऱ्यावर पडला. म्हातारीनं त्याच्या अंगातला कपडा उतरवला, डावा खांदा खाली दिसावा म्हणून उजव्या बाजूला आतून कापडाची घडी घातली आणि तिथेच उभ्या उभ्या शिवण मारली. काम चालू असताना मुलानं प्लग लावायला हात पुढे केला, तर तिनं कात्रीनंच त्याला बाजूला केलं. म्हणाली, मान हलवायची नाही, सगळ्यांना हो हो करत बसायला मी रिकामी नाही.

परतताना मी बाईंना विचारलं, फाइलवर काय लिहिणार. त्या म्हणाल्या, वस्तू बंदरावर आली तेव्हा जी होती तीच ती. पुढे माणसं तिचं काय करतात यानं हेडिंग बदलत नाही. दुकानाच्या काचेसाठीचा पुतळा, विषय संपला. चेहऱ्याबद्दल खोटं बोलला म्हणून कापडवाल्याला लेखी समज दिली जाईल, तेवढं पुरे. साहेबांनी दुसऱ्या दिवशी न वाचताच सही केली.

"पण तुमचा विश्वास बसला का?" मी विचारलं. "मानच द्यायचा होता की आईला गप्प करून काचेत बसवायचं होतं?"

"दोन्ही असेल," बाई म्हणाल्या. "त्याला स्वतःला तरी कुठे माहितीय."

त्यानंतर मी दाढीला त्या न्हाव्याकडेच जायला लागलो. बातम्या तिथे कळतात. तो आता आरशात बघून कुणालाही हात करत नाही. आधी रस्त्यावर येऊन खात्री करतो. म्हातारी आठवड्यातून दोन दिवस दुकानात येते, मागच्या बाजूला तिचं जुनं मशीन पुन्हा मांडलंय, आणि सूनबाई तिच्याकडून कापायला शिकते आहे. दिवस संपला की मुलगा तिला गाडीनं छापखान्यापर्यंत सोडतो. खोली तिनं सोडलेली नाही. अडीअडचणीला असावी म्हणून मुलानं एकदा त्या खोलीची दुसरी किल्ली मागितली. बघू, म्हणाली. अजून दिलेली नाही.